जुन्या मोटरसायकलचा दिवा: बल्ब बदलण्याआधी व्होल्ट मोजा

जुनी मोटरसायकल नव्याने हाती आलेल्या माणसाची पहिली तक्रार बहुधा दिव्याचीच असते. उजेड पडत नाही, समोरून कुणी आलं की काहीच दिसत नाही. पाठोपाठ प्रश्न येतो, जास्त वॅटचा बल्ब टाकू का? थांबा. त्या गाडीचा दिवा नवी असतानाही आजच्या गाड्यांइतका प्रखर नव्हता हे खरं, पण तुम्हाला आज दिसतोय तितका मिणमिणताही नव्हता. मधला फरक वायरिंगमध्ये, स्विचमध्ये आणि अर्थिंगमध्ये (करंटच्या बॅटरीकडे परतायच्या वाटेत) अडकलेला असतो. तो आधी सोडवायचा. बल्बचा विचार त्यानंतर.

यामागचं गणित एकदा समजून घ्या, म्हणजे पुढची खटपट कशासाठी ते कळेल. फिलामेंटच्या बल्बला मिळणारं व्होल्टेज थोडं जरी घसरलं तरी उजेड खूप घसरतो. व्होल्टेज १० टक्क्यांनी कमी झालं तर उजेड सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतो. त्यातून गाडी ६ व्होल्टची असेल तर आणखी पंचाईत. ३५ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर सुमारे ३ ॲम्पिअर ओढतो, तोच ६ व्होल्टवर जवळजवळ ६. समजा कुठल्या तरी गंजलेल्या जोडात एक दशांश ओहमचा अडथळा आहे. १२ व्होल्टच्या गाडीत तिथे ०.३ व्होल्ट जातील, म्हणजे अडीच टक्क्यांच्याही आत. ६ व्होल्टच्या गाडीत ०.६ व्होल्ट जातील, म्हणजे सरळ १० टक्के. त्याच जोडामुळे नुकसान चौपट. ‘सिक्स व्होल्टच्या गाडीला लाइटच नसतो’ अशी जी बदनामी आहे, तिच्यातला मोठा वाटा अशा जोडांचा आहे.

आधी गाडी ओळखा

पाना हातात घेण्याआधी तीन गोष्टी बघा. बॅटरी ६ व्होल्टची आहे की १२ची. बॅटरीचं कुठलं टोक चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जोडलंय. बऱ्याच जुन्या गाड्यांत, विशेषतः ब्रिटिश बनावटीच्या, पॉझिटिव्ह टोक चासीला असतं, आणि हे न बघता काही जोडलं की नुकसान ठरलेलं. तिसरी गोष्ट, हेडलाइट बॅटरीवर चालतो की थेट मॅग्नेटच्या (इंजिनबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या भागाच्या) कॉइलवर. इंजिन बंद ठेवून दिवा लावा. लागला तर बॅटरीवर आहे. लागला नाही, पण इंजिन चालू केल्यावर रेसबरोबर कमी-जास्त होत असेल, तर तो थेट एसी करंटवर आहे.

थेट चालणाऱ्या गाड्यांची एक खोड लक्षात ठेवा. त्या कॉइलचा करंट हेडलाइट आणि टेललाइट मिळून खातात. मागचा बल्ब उडाला की पुढच्या बल्बला जास्त व्होल्टेज मिळतं आणि रेस दिल्याबरोबर तोही उडतो. अशा गाडीत हेडलाइटचे बल्ब वारंवार जात असतील तर आधी मागे जाऊन टेललाइटचा होल्डर सैल आहे का ते पाहा. व्होल्टेज थोडं वाढण्याचा परिणामही मोठा असतो: ५ टक्के जादा व्होल्टेजवर बल्बचं आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं.

मोजणी

साधा डिजिटल मल्टिमीटर पुरे. बॅटरीवर दिवा चालणाऱ्या गाडीत क्रम असा ठेवा.

बॅटरी पूर्ण चार्ज करा आणि काही तास तशीच राहू द्या. ६ व्होल्टची चांगली बॅटरी ६.३ ते ६.४ दाखवेल, १२ची १२.६च्या आसपास. यापेक्षा बरीच खाली असेल तर पुढची मोजणी फुकट आहे. आधी बॅटरीचं बघा.

इंजिन चालू करा, हेडलाइट अपरवर (लांब पडणाऱ्या उजेडावर; डिपर म्हणजे खाली, जवळ पडणारा) लावा आणि रेस मध्यम ठेवा. बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजा. लगेच, रेस तीच ठेवून, डूममधल्या (हेडलाइटच्या गोल डब्यातल्या) होल्डरच्या मागे बल्बच्या दोन टोकांवर मोजा. एक हात रेसवर आणि दोन हात मीटरला लागतात, तेव्हा मदतीला कुणीतरी घ्या. बल्ब काढून मोजू नका. करंट वाहत नसताना खराब जोडही पूर्ण व्होल्टेज दाखवतो आणि तुम्ही फसता.

समजा बॅटरीवर ६.८ आले आणि बल्बवर ५.९. वाटेत ०.९ व्होल्ट गेले, म्हणजे उजेडाचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग गेला. आता ते कुठे गेले ते शोधायचं. पॉझिटिव्ह चासी असेल तर खालचं सगळं उलट धरा. मीटरची एक तार बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरी बल्बच्या फेजच्या (करंट येतो त्या) टोकावर ठेवा. दिवा लागलेला असतानाच. जो आकडा येईल तो जाणाऱ्या वाटेवरचा तोटा. मग एक तार होल्डरच्या अर्थच्या टोकावर आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवा. तो परतीच्या वाटेवरचा तोटा. दोन्ही मिळून ६ व्होल्टच्या गाडीत ०.३च्या आत आणि १२च्या गाडीत ०.५च्या आत आले तर वायरिंगला हात लावू नका.

जास्त आले तर टप्प्याटप्प्याने आत शिरा: बॅटरी ते चावीचा स्विच, तिथून लाइटचा स्विच, तिथून डिपरचा स्विच, तिथून बल्ब. ज्या टप्प्यावर आकडा उडी मारेल तिथे चोर सापडला. हे काम कंटाळवाणं आहे, पण यातून मिळणारं उत्तर पक्कं असतं. अंदाजाने एकेक सुटा भाग बदलत बसण्यापेक्षा ते लवकरही होतं.

तीन नेहमीचे गुन्हेगार

पहिला, अर्थिंग. बऱ्याच जुन्या गाड्यांत डूमला स्वतंत्र अर्थची वायर नसतेच. करंट डूममधून फोर्कमध्ये, फोर्कमधून हँडलच्या कोनसेटच्या (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगच्या) ग्रीस भरलेल्या छर्‍यांतून चासीत आणि मग बॅटरीला जातो. हँडल वळवताना दिवा लुकलुकतो तो बरेचदा यामुळे. वर कुणी डूमला आणि फोर्कला हौसेने जाड पावडर कोटिंग करून घेतलं असेल तर उरलासुरला संपर्कही तुटतो. उपाय सोपा आहे: होल्डरच्या अर्थपासून थेट बॅटरीच्या अर्थच्या टोकापर्यंत २.५ चौरस मिलिमीटरची वायर ओढा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळेल इतकी ढील ठेवा आणि टोकांना घट्ट दाबलेले लग (धातूची टोकं) लावा. कुठलाही सुटा भाग न घेता, फक्त एका वायरीने उजेडात फरक पडतो, तो बहुतेक इथेच.

दुसरा, डिपरचा स्विच, म्हणजे अपर-डिपर बदलणारा. हँडलवरच्या त्या छोट्याशा डबीत पितळेच्या दोन पट्ट्या, एक स्प्रिंग आणि काही बनावटींत एक बारीकशी गोळी असते. झाकण उघडताच स्प्रिंग उडते आणि गोळी कुठे जाते ते देवाला ठाऊक. म्हणून ती डबी पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत धरून उघडा. आत पट्ट्यांवर काळा थर आणि मध्यभागी खड्डा दिसेल. झिरो पेपरने हलक्या हाताने काळं काढा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि स्प्रिंग जरा ताणून घ्या. खड्डा खोल असेल तर स्विच बदला. ग्रीस मात्र चोपडू नका. त्यात धूळ बसते.

तिसरा, वायरींचे जोड. डूमच्या आत गोल बुलेट जोडांचा गुंताच असतो. त्यांच्यावर हिरवट पूड दिसली की समजा. ओढून काढा, घासून लख्ख करा, सैल झालेल्या नळ्या पकडीने किंचित आवळा किंवा नव्या लावा. वायर पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेले जोड, मग ते कुठल्याही मिस्त्रीने केलेले असोत, कापून नीट करा. वायरी डूममध्ये शिरतात तिथलं रबरी बूच फाटलेलं असेल तर पत्र्याची कड वायरीचं आवरण कापते. ते आजच बदला.

हे सगळं करूनही जाणाऱ्या वाटेवर तोटा राहिला तर रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) बसवा. डिपरचा स्विच मग फक्त रिलेला इशारा देतो आणि बल्बचा करंट बॅटरीपासून फ्यूजमधून, जाड वायरीने, थेट जातो. अपर आणि डिपरला एकेक रिले लागतो. ६ व्होल्टच्या गाडीला ६ व्होल्टचाच रिले घ्या, १२चा तिथे ओढलाच जात नाही. आणि थेट एसीवर चालणाऱ्या दिव्याला हे रिले लावू नका, नुसते खडखडतात.

रिफ्लेक्टर, काच, बल्ब

रिफ्लेक्टरबद्दल एकच नियम पाळा: आतून बोट किंवा फडकं लावू नका. त्यावरचा चकचकीत थर अतिशय पातळ असतो, एकदा पुसला की धूळीबरोबर तोही जातो. सुटी धूळ कॅमेऱ्याच्या रबरी ब्लोअरने उडवा. थर पिवळा पडलाय, डाग पडलेत किंवा खालचा पत्रा दिसतोय, तर नवा रिफ्लेक्टर घ्या किंवा जुन्यावर पुन्हा चांदीचा किंवा ॲल्युमिनियमचा थर चढवून घ्या. क्रोम करून देतो असं कुणी म्हणालं तर नाही म्हणा. क्रोम डोळ्यांना झगझगीत दिसतं, पण जेमतेम ६५ टक्के उजेड परत फेकतं. ॲल्युमिनियमचा चांगला थर ९०च्या आसपास फेकतो.

काच आणि रिफ्लेक्टरमधलं रबर चिवट राहिलेलं नसेल तर आत दमट हवा शिरते आणि रिफ्लेक्टर आतून मरतो. डूमच्या तळाला पाणी जायचं भोक असेल तर ते मोकळं ठेवा. काच बसवताना तिची वरची बाजू वरच आली पाहिजे. काचेवरच्या रेघा नक्षीसाठी नसतात, उजेड कुठे पसरवायचा ते त्या ठरवतात. डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीसाठी केलेली काच डिपरचा उजेड डाव्या कडेला जरा वर फेकते, उजवीकडच्या वाहतुकीची काच उजव्या कडेला. जुन्या बाजारातून उजवीकडून वाहतूक चालणाऱ्या देशातल्या गाडीचा डूम आणलात तर तो समोरच्याच्या डोळ्यांत जाईल.

बल्ब घेताना त्याची बैठक जुळवा. दिसायला सारखे बल्ब बैठकीत वेगळे असतात आणि फिलामेंट दोन-तीन मिलिमीटर सरकलं तरी फोकस विस्कटतो. डिपरच्या फिलामेंटखाली छोटी वाटी असलेला बल्ब असेल तर ती वाटी खालच्या बाजूला आली पाहिजे. उलटा बसला की डिपर आकाशात जातो. हॅलोजनच्या काचेला बोट लावू नका, लागलंच तर स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. जुन्या बल्बच्या बुडाशी शिशाचे दोन ठिपके असतात आणि होल्डरच्या स्प्रिंगने ते वर्षानुवर्षांत चेपले जातात. चालत्या गाडीत दिवा थरथरायचं हेही एक कारण आहे. ठिपक्यावर सोल्डरचा एक थेंब चढवला की काम होतं.

वॅटचा हिशेब

आता मोठ्या बल्बच्या प्रश्नाकडे येऊ. जुन्या ६ व्होल्टच्या अनेक गाड्यांचा डायनामो ६० वॅटचा असतो, काहींचा त्याहून कमी. हेडलाइट ३५, टेललाइट ५, स्पीडोमीटरचा दिवा २, आणि इग्निशन बॅटरी-कॉइलवर असेल तर तिला सरासरी १२-१५ वॅट धरा. झाले ५५. बॅटरी चार्ज करायला उरले ५, तेही डायनामो पूर्ण वेगात असताना. इथे ४५ वॅटचा बल्ब टाकला की दर मिनिटाला बॅटरीतून उसनवारी सुरू होते. तासाभराने दिवा पिवळा पडतो, आणि बॅटरीच्या इग्निशनची गाडी असेल तर इंजिनही मिसफायर करून बंद पडतं, तेही अंधारात. शिवाय वाढलेल्या उष्णतेने होल्डर करपतो आणि रिफ्लेक्टरचा थर जातो.

ॲम्पिअर मीटर असेल तर त्याला विचारा. दिवा लावून, नेहमीच्या वेगाच्या रेसवर काटा मध्यावर किंवा चार्जकडे असायला हवा. तिथेही तो डिस्चार्जकडे पडत असेल तर डायनामोचे कार्बन, ते ज्यावर घासतात तो कम्युटेटर आणि कटआउट (डायनामो बॅटरीला जोडणारा-तोडणारा स्विच) बघून घ्या.

एलईडीचं काय? टेललाइटला जरूर लावा, असं माझं मत. ब्रेकलाइटचे १८-२१ वॅट दोन-तीनवर येतात आणि मागच्याला तुम्ही नीट दिसता. लाल काचेमागे लाल एलईडीच घ्या आणि पॉझिटिव्ह चासी असेल तर तसा चालणारा मागा. हेडलाइटबाबत मी सावध आहे. जुना रिफ्लेक्टर एका बारीक फिलामेंटसाठी घडवलेला असतो. एलईडीचे ठिपके नेमके तिथे येत नाहीत, मग गाडीसमोर दहा पावलांवर पांढराशुभ्र उजेड आणि पुढे अंधार, वर समोरच्याला त्रास. एखादा चांगला जमूनही जातो, पण तो भिंतीवर फोकस बघून ठरवा. तुमच्या इथे कायद्याने चालतो का तेही पाहा.

फोकस लावणे

सपाट जागा, समोर भिंत, अंधार पडलेला. टायरची हवा बरोबर भरा. गाडी स्टँडवर न ठेवता चाकांवर सरळ उभी करा आणि नेहमी चालवणाऱ्यालाच वर बसवा. मागचे शॉकॲब्सॉर्बर दबले की दिव्याचं तोंड वर जातं. काच भिंतीपासून ५ मीटरवर आणा. काचेच्या मध्याची जमिनीपासून उंची मोजून भिंतीवर तेवढ्याच उंचीवर खडूने आडवी रेघ मारा. डिपर लावा. उजेडाची वरची कड त्या रेघेच्या ५ ते ७ सेंटिमीटर खाली यायला हवी. दिवा ९० सेंटिमीटरवर असेल तर ५ सेंटिमीटर उतार असलेला किरण ९० मीटरवर रस्त्याला टेकतो, ७ सेंटिमीटरचा साधारण ६५ मीटरवर.

डूमचे नट आवळताना तो हमखास हलतो, म्हणून अर्धे आवळा, पुन्हा बघा, मग पूर्ण आवळा. रात्री डबलसीट जाणार असाल तर मागे माणूस बसवूनच फोकस लावा.

रस्त्यावर

दिसतं त्या अंतरात थांबता आलं पाहिजे. धोका कळून ब्रेक लागेपर्यंत दीड सेकंद धरा आणि कोरड्या रस्त्यावर चांगल्या स्थितीतले ड्रम ब्रेक. ताशी ४० किलोमीटरला थांबायला सुमारे २९ मीटर लागतात, ६०ला ५३, ८०ला ८०च्याही वर. तुमचा दिवा किती दाखवतो ते एकदा तपासा: मोकळ्या, रहदारी नसलेल्या जागी काळी पिशवी जमिनीवर ठेवा, गाडी डिपरवर समोर लावून ठेवा आणि पिशवी जेमतेम दिसेनाशी होईपर्यंत गाडी मागे न्या. ते अंतर पावलांनी मोजा. आकडा बघून बरेच जण आपला रात्रीचा वेग स्वतःहून कमी करतात.

जुन्या गाडीत उजेड इंजिनच्या वेगावर अवलंबून असतो, हे वळणावर नडतं. थेट एसीवरच्या गाडीत वळणाआधी रेस सोडली की नेमका तेव्हाच दिवा मंद होतो. म्हणून वळणाच्या आधीच एक गिअर खाली घ्या. वेग उतरतो आणि इंजिन फिरतं राहिल्याने उजेड टिकतो. गाडी कलली की उजेडाची कडही कलते आणि वळणाच्या आतल्या बाजूचं कमी दिसतं, तेव्हा वेग आधी कमी करायचा, वळणात नाही.

समोरून झगझगीत दिवे आले की त्यांच्याकडे बघू नका. तुमच्या बाजूच्या रस्त्याची कड धरा आणि ती गाडी जवळ यायच्या आधीच वेग उतरवा, कारण ती गेल्यानंतरचे काही क्षण तुम्ही जवळजवळ आंधळे असता. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला अर्धा तासही लागतो. हेल्मेटची काच बिनरंगी, पारदर्शक आणि चरे न पडलेली हवी. पिवळे चष्मे रात्री छान दिसतं असं भासवतात, पण आहे तोच उजेड कमी करतात.

आणि तुम्ही इतरांना कसे दिसता? एकट्या दिव्यावरून अंतर आणि वेगाचा अंदाज समोरच्याला नीट येत नाही, तेव्हा त्याला अंदाज आला असेल असं धरून ओव्हरटेक करू नका. बऱ्याच जुन्या गाड्यांत पुढच्या ब्रेकला स्विचच नसतो. नुसता हाताचा ब्रेक दाबलात तर मागे काहीच पेटत नाही. पायाचा ब्रेकही हलकासा दाबत चला. मडगार्डच्या मागच्या टोकाला परावर्तक पट्टी चिकटवा. टेललाइट गेला तरी तेवढी चमकते.

दिवा चालत्या गाडीत विझला तर अंगठा आधी डिपरवर. अपर आणि डिपरची फिलामेंटं वेगळी असतात, दोन्ही एकदम सहसा जात नाहीत. ब्रेक गच्च दाबू नका, मागच्याला तुम्ही दिसत नसण्याची शक्यता आहे. रेस सोडून सरळ रेषेत वेग उतरवा, कडेला घ्या आणि गाडी रस्त्यावरून पूर्ण खाली उतरवा. सीटखाली फोममध्ये गुंडाळलेला एक हेडलाइटचा बल्ब, एक टेललाइटचा, फ्यूज, हातभर वायर, चिकटपट्टी आणि डोक्याला बांधायचा टॉर्च एवढं असू द्या. आधी फ्यूज बघा, मग हँडल दोन्ही बाजूंना वळवून दिवा लागतो का ते, मग होल्डर दाबून, आणि शेवटी बल्ब. सगळं करूनही पेटला नाही तर पुढच्या गाडीच्या उजेडात तिच्या मागोमाग जायचा मोह होईल. तसं करू नका. ती निघून गेली की तुम्ही वेगात आणि अंधारात असता. गाडी तिथेच लावा.